स्तोत्र म्हणतात, चहा मागत नाहीत

मी काय काम करते हे सांगायची वेळ आली की मी आधी समोरच्या माणसाचा अंदाज घेते. रिक्षावाल्याला 'हॉस्पिटलमध्ये' म्हणून सांगते, बँकेत 'शिक्षिका' म्हणते, आणि लग्नकार्यात कुणी फारच खोदून विचारलं तर खरं सांगून टाकते: माणसाचा मेंदू वाक्य कसं जुळवतो, याचा मी अभ्यास करते. त्यावर माझी मावशी एकदा भर पंगतीत म्हणाली होती की त्यात अभ्यास कसला, तोंड उघडलं की वाक्य बाहेर पडतं. पंगत हसली. मीही हसले, पण मला राग आला होता, आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं. मी मावशीला विचारलं, आत्ता बोललीस ते वाक्य याआधी कधी बोलली होतीस का? नाही, म्हणाली. मग ते आलं कुठून? मावशीने वाढप्याला हाक मारून माझ्या पानात जिलबी घालायला लावली.

ते आलं कुठून, एवढाच माझा प्रश्न आहे. शब्द डोक्यात साठवलेले असतात हे कुणालाही पटतं. वाक्यं मात्र साठवलेली नसतात. भाजीवाल्याशी घासाघीस करताना, मुलांवर ओरडताना आपण जे बोलतो ते त्या क्षणी नव्याने जुळवतो. कुणी केलं, कुणाला केलं, कधी केलं, सगळं जागच्या जागी लावतो, आणि तेही इतक्या चटकन की आपण काही जुळवतोय याचा पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो मोडल्यावर. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसला की काही माणसांचे शब्द बरेचसे उरतात, पण जुळवणी जाते. समोरचा काय म्हणतोय ते त्यांना बहुतेक कळतं, आपल्याला काय म्हणायचंय तेही ठाऊक असतं, आणि तोंडातून येतात ते सुटे शब्द. अशा माणसांकडे मी जाते.

मी शिकत होते तेव्हा सगळी उदाहरणं परदेशी माणसांची होती. मराठी माणसाचं वाक्य मोडतं तेव्हा नेमकं काय मोडतं, याबद्दल हाताशी फार थोडं होतं. इंग्रजीत काम कर, पेपर लवकर निघतील, असा सल्ला मला वरिष्ठांनी दिला. मी म्हटलं, ठाणे ते टिटवाळा या पट्ट्यात ज्यांना झटका येतो ते काही इंग्रजीत मुके होत नाहीत. हे जरा उद्धटपणे बोललं गेलं, पण बोलले ते बोलले, आणि मग ते निभावण्यात माझी वर्षं गेली.

सुरुवातीला माझ्याकडे बाहेरून आणलेला चित्रांचा संच होता. चित्र दाखवायचं आणि त्यात काय चाललंय ते सांगायला लावायचं. एका चित्रात टोपी घातलेला माणूस फावड्याने दारातलं बर्फ ओढत होता. ठाण्याच्या खाडीकडच्या एका आजींचं सगळं तरुणपण मिठागरात गेलेलं. त्यांनी चित्र बघून ठणठणीत सांगितलं की हा मीठ ओढतोय. संचाबरोबर आलेल्या उत्तरांप्रमाणे ते चूक होतं. त्या दिवशी तो संच मी कपाटात टाकला, तो अजून तिथेच आहे. कल्याणच्या एका चित्रकलेच्या शिक्षकांकडून नवी चित्रं काढून घेतली: गच्चीत पापड वाळत घालणारी बाई, रिक्षाला धक्का मारणारे दोघे, नातीची वेणी घालणारी आजी, आजोबांना पाणी देणारी मुलगी. शिक्षक हौशी. प्रत्येक चित्रात कोपऱ्यात त्यांनी एक मांजर काढलं. परिणाम असा की माणसं मुलगी आणि आजोबा सोडून मांजराबद्दल बोलायला लागली, आणि मला सगळी चित्रं पुन्हा करून घ्यावी लागली.

दुसरी लढाई तेलाशी. ठाण्याच्या एका रुग्णालयात मेंदूतल्या विजेची नोंद घेणारं यंत्र आहे, ते मला फक्त शनिवारी सकाळी वापरायला मिळायचं. डोक्याला जाळीची टोपी घालायची, तिच्यातल्या चकत्या कातडीला नीट टेकायला हव्यात, म्हणजे डोकं धुतलेलं आणि कोरडं हवं. तुलनेसाठी मला झटका न आलेल्या, धडधाकट ज्येष्ठ बायका लागत होत्या. आता आमच्याकडच्या बाईला मोठ्या मशीनपुढे बसायला जायचंय म्हटल्यावर ती काय करणार? चापूनचोपून तेल लावणार, घट्ट अंबाडा घालणार आणि वर गजरा माळणार. त्यात शनिवार. शनिवारी न्हायचं नाही असं ज्या घरात पाळतात तिथे मी लाख सांगावं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी डोंबिवलीच्या एका महिला मंडळात जाऊन मी तोडगा काढला: शुक्रवारी संध्याकाळी न्हायचं, म्हणजे शनिवारही शाबूत आणि माझं कामही. तरी एक जण आल्याच चमकत्या डोक्याने. तेल लावलं नाही, नुसता तेलाचा हात फिरवला, असं त्यांचं म्हणणं होतं.

झटका आलेल्यांना ठाण्यापर्यंत ओढत आणणं जुलमाचं, म्हणून त्यांच्याकडे मीच जाते. पिशवीत चित्रं आणि आवाज नोंदवायचं छोटं यंत्र. त्यातलंच एक घर डोंबिवलीशेजारच्या कोपरचं.

कोपरचे काका अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. उंच, खणखणीत आवाजाचे, इमारतीतल्या कुठल्याही पूजेला सगळ्यांच्या पुढे. काकूंनी घरात शिवणाचे क्लास घेतलेले, आणि बोलणं म्हणाल तर त्या एकट्या दोन माणसांचं बोलायच्या. मुलगा बंगळुरूला. पावसाळ्याच्या तोंडाशी काकांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय हळूहळू चालता झाला, बोलणं मोडलं. मी गेले तेव्हा त्यांच्याकडे सुटे शब्द होते, आणि हमखास येणारा शब्द एकच: "पुन्हा."

मुलगी आजोबांना पाणी देते हे चित्र मी समोर धरायची. काका म्हणायचे, "मुलगी... पाणी... म्हातारा." थांबायचे. आपण कमी पडलो हे त्यांना कळायचं. डाव्या हाताने गुडघ्यावर चापट मारून म्हणायचे, "पुन्हा." मी चित्र पुन्हा धरायची. मला चिकाटीची माणसं आवडतात आणि काका चिवट होते. मला सुटी हवीशी वाटायची त्या दिवशीही ते खुर्चीत तयार होऊन बसलेले असायचे, शर्टाची बटणं लावून.

अडचण काकूंची होती. आमच्या घरांमध्ये दुसऱ्याचं वाक्य पुरं करणं हे प्रेमाचं लक्षण मानतात. काकांनी 'पा' म्हटलं की पाणी, पान, पापड, पायमोजे, जे हाताशी असेल ते हजर. चित्रांची उत्तरंही काकूच देऊन टाकायच्या. काकांच्या तोंडात शब्द येतोय असं दिसायचं, तोवर काकूंचं अख्खं वाक्य होऊन गेलेलं असायचं. मी पहिल्या दोनतीन वेळा गोडीने सांगून पाहिलं, मग सरळ त्यांना स्वयंपाकघरात पाठवायला लागले. त्या जायच्याही. तिथे पोळ्या लाटताना त्यांचं रोजचं स्तोत्र चालू असायचं. माझ्या बेलने ते नेमकं मध्येच तुटायचं, म्हणून दार उघडताना कपाळाला आठ्या. मला आत घेतलं की त्या ओट्याशी परत जायच्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायच्या.

असं चालू असताना गणपती आले.

इमारतीचा गणपती तळमजल्यावर बसतो. आरत्या सगळ्यांना येतात, पण शेवटी जे लांबलचक संस्कृत म्हणतात त्यात निम्मी माणसं नुसता सूर धरून ओठ हलवतात. ते खरं पाठ असतं एकदोघांचं, बाकीचे त्यांच्या मागून जातात. या इमारतीत ते एकदोघं म्हणजे काका. त्या संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. आरत्या झाल्या, शेवटचं संस्कृत सुरू झालं, पोरंसोरं नेहमीसारखी गुणगुणायला लागली, आणि त्या गुणगुणीतून काकांचा आवाज वर आला. स्पष्ट, खणखणीत, शब्दामागून शब्द, कुठेही न अडखळता, अगदी शेवटपर्यंत. लोक रडले. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि बंगळुरूला पाठवलं. काका बरे झाले, देवाने वाचा परत दिली, म्हणून पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूंचा फोन आला. "हे बोलायला लागले हो. आता नका येऊ तुम्ही, उगाच तुम्हाला हेलपाटा."

मी ते चित्रीकरण पाहिलं आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला भीती वाटली. अशा माणसांना पाठ असलेलं येतं. आरती येते, पाढे येतात, वारांची नावं येतात, कधीकधी शिव्याही येतात. ते सगळं पूर्वीच जुळवून ठेवलेलं असतं, तोंडाला सुरुवात मिळाली की पुढचं आपोआप ओघळतं. नवं वाक्य जुळवायचं काम वेगळं, आणि काकांचं तेच मोडलं होतं. फोनवर मी हे सांगायला गेले, पण काकूंच्या घरात पाहुणे होते, शेजारी होते, आनंद होता. माझं कोण ऐकणार? सणासुदीत नको म्हणून मी गौरी-गणपती जाऊ दिले, आणि मग न बोलावता गेले.

आल्या माणसाला दारातून परत पाठवायची रीत नाही, म्हणून काकूंनी मला आत घेतलं. दोन कप चहा आणला, एक मला, एक स्वतःला. काका खुर्चीत बसलेले, शर्टाची बटणं लावून. त्यांचा कप कुठेय, मी विचारलं. काकू म्हणाल्या, ओट्यावर झाकून ठेवलाय, मागतील तेव्हा देईन. काकांनी कपाकडे बोट केलं, "ते... ते..." म्हणाले. काकूंनी मान फिरवली.

मग त्यांनी सगळं सांगितलं, काकांच्या देखत. इतके दिवस त्यांनी वाट पाहिली. आज बोलतील, उद्या बोलतील. रोज सकाळी देवासमोर बसले की संपूर्ण स्तोत्र, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. उठले की मुके. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मनावर घेतलं तर बोलतील. म्हणजे मनावर घेत नाहीयेत. "स्तोत्र म्हणतात, चहा मागत नाहीत," काकू म्हणाल्या. "देवाशी बोलायला तोंड आहे. माझ्याशी बोलायचं तर 'ते, ते'."

आणि हे आजचं नव्हतंच. लग्न होऊन आल्यापासून हा माणूस सकाळचा तासभर देवाशी बोलतो आणि दिवसभर घराशी दोन शब्द. काकूंनी कधी तक्रार केली नाही, त्या स्वतःच दोघांचं बोलत राहिल्या. आता झटक्याने यांना चांगलंच निमित्त मिळालं, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. म्हणून त्यांनी काकांशी बोलणं सोडलं होतं. जेवण वेळेवर, औषधं वेळेवर, पाय चेपून देणं वेळेवर, पण तोंडातून शब्द नाही. स्वयंपाकघरात काय तो देव आणि त्या.

मला भयंकर राग आला. कारण यात नुकसान होणार होतं ते काकांचं. झटक्यानंतरचे पहिले महिने मोलाचे असतात. या काळात मोडलेल्या बोलण्याला रोज काम मिळालं तर काही ना काही परत येतं, आणि काम मिळालं नाही तर माणूस हळूहळू प्रयत्न सोडतो. घरात दोनच माणसं, त्यातल्या एकाला बोलता येत नाही आणि दुसरं बोलायचं नाही म्हणून बसलेलं. माझी चित्रं आठवड्यातून एकदा येणार, त्याने काय होणार?

मी काकूंना मेंदू समजावला. हाताने डोक्याची बाजू दाखवली, झटका कुठे बसलाय, काय शिल्लक आहे, काय गेलंय. मी चांगलं समजावते, माझे विद्यार्थी तसं म्हणतात. काकूंनी ते विमा एजंटचं ऐकावं तसं ऐकलं. संपल्यावर पहिल्यांदाच मला अगंतुगं करून म्हणाल्या, "मला मेंदू नको शिकवू गं. या माणसाला मी पूर्ण ओळखते."

मी हात टेकले. पिशवी उचलली. दाराशी गेले तेव्हा मागून काकांचा आवाज आला. "पुन्हा."

'पुन्हा ये' म्हणत होते की 'पुन्हा प्रयत्न कर', कोण जाणे. मला दोन्ही लागू होतं. जिना उतरताना मी ठरवलं की हे घर सोडायचं नाही. काकू हट्टी असतील, पण मी वरिष्ठांपुढे, तेलापुढे आणि शनिवारापुढे मान तुकवलेली नव्हती. फक्त समजावून सांगणं कामाचं नव्हतं हे मला कळलं होतं. मेंदूची चित्रं काकूंच्या काय कामाची? त्यांना पटेल असं काहीतरी त्यांच्याच घरात सापडायला हवं होतं. आठवडाभर मी तेच उगाळत होते. भांडी विसळताना सहज तेराचा पाढा मधूनच म्हणून पाहिला, आणि मला जमेना. तेरा एके तेरापासून सुरू करावं लागलं. तेव्हा मला काकूंच्या कपाळावरच्या आठ्या आठवल्या.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम पोळ्यांच्या वेळी गेले. दारापाशी कान देऊन उभी राहिले. शेजारचे बघून गेले, बघू देत. आतून स्तोत्र ऐकू येत होतं, चांगलं मध्यावर आलं होतं. मी बेल वाजवली. आठ्या घालून काकूंनी दार उघडलं. मी चपला काढायच्या आधीच म्हटलं, "काकू, कुठे तुटलं? तिथून पुढे म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणत होतात ते. पुढची ओळ म्हणा."

काकूंनी तोंड उघडलं. ओठ हलले. डोळे मिटून पाहिलं. मग वैतागून म्हणाल्या की असं मधूनच नाही येत, पहिल्यापासून म्हणावं लागेल. मी म्हटलं, बरं, ओळ राहू दे, तुम्ही आत्ता देवाला काय सांगत होतात ते तुमच्या शब्दांत सांगा. काकू स्वतःच्या हातांकडे बघायला लागल्या. लाटण्याचं पीठ हाताला तसंच होतं. इतकी वर्षं रोज म्हणायच्या, पण ते संस्कृत. अर्थ साधारण ठाऊक, ओळीओळीचा नाही.

मी आवाज चढवला नाही, चढवायची गरज नव्हती. म्हटलं, पोळी लाटताना तुमचं जे आपोआप चालतं ना, तेवढंच काकांचं शिल्लक आहे. दार उघडून मला काय म्हणायचं ते तुम्ही ज्याने ठरवता, ते त्यांचं गेलंय. ते देवाशी बोलत नाहीत काकू. देवासमोरही ते मुकेच आहेत. तिथे फक्त पाठ आहे.

काकू तिथेच पायपुसण्यावर उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. गॅसचा आवाज आला, थोड्या वेळाने चहा आला. तीन कप. काकांच्या समोर कप ठेवताना त्या म्हणाल्या, "घ्या." एवढंच. पण गणपतीनंतर पहिल्यांदा म्हणाल्या.

त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. काकू लगेच पटणाऱ्यातल्या नव्हेत, मीही नव्हे, म्हणून पुढे आमचं जमलं. मी त्यांच्याकडे एकच मागणी केली. रोज एक प्रश्न विचारा, आणि मग गप्प राहा. पुरं करायचं नाही, सुचवायचं नाही, 'पा' आला तरी पाणी आणायचं नाही. किती वेळ गप्प राहायचं, त्यांनी विचारलं. त्यांचं होईपर्यंत. काकू म्हणाल्या, यापेक्षा उपास सोपा.

खरंच त्यांना ते जड गेलं. प्रश्न विचारून झाला की त्या पदराचं टोक तोंडात धरायच्या. पहिले काही आठवडे रोज हरल्या आणि मी गेले की स्वतःहून सांगायच्या की आज पण बोलले गं मी. काका गुडघ्यावर चापट मारून म्हणायचे, "पुन्हा." म्हणजे आता ते काकूंचीही शिकवणी घेत होते. हळूहळू गाडी रुळावर आली. "चहा... दे" आलं. "मुलगी पाणी... देते" आलं, तेव्हा मी खुर्चीतून उठले आणि परत बसले, कारण नोंद घेताना असं उठायचं नसतं. दिवाळीच्या आसपास काकांनी मुलाला फोनवर विचारलं, "कधी... येतो?" काकूंनी तो फोन स्पीकरवर ठेवून अर्ध्या इमारतीला ऐकवला, आणि या वेळी पेढे मला आणायला लावले.

हे सगळं माझ्या अभ्यासात आहे. कोणत्या चित्राला काय उत्तर आलं, किती थांबून आलं, काय गळलं. टिटवाळ्याच्या एक बाई आहेत, शीळफाट्याकडचे एक ड्रायव्हर आहेत, ठाण्यातले दोघं आहेत. प्रत्येकाचं मोडणं वेगळं, आणि मी ते एक एक करून जमवतेय. कंटाळा येतो, मिनतवाऱ्या कराव्या लागतात, यंत्र शनिवारीच बंद पडतं. पण मराठीत वाक्य कसं मोडतं आणि कसं परत उभं राहतं हे मी कागदावर आणणार, आणि मला कुणी थांबवेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र त्या अभ्यासात बसत नाही, कारण ती कुठल्याच चित्राचं उत्तर नव्हती.

थंडीतली दुपार होती. चित्रं संपली होती, आवाजाचं यंत्र मी अजून बंद केलं नव्हतं. स्वयंपाकघरात कुकर लावलेला. काकू येऊन काकांच्या समोरच्या स्टुलावर बसल्या. रोजचा प्रश्न त्या दिवशी विचारायचा राहिला होता. रोजचे प्रश्न साधे असायचे, भाजी कोणती करू, खिडकी लावू का. त्या दिवशी काकू म्हणाल्या,

"अहो, झटका आत्ता आला. पण आधी येत होतं ना बोलता? तेव्हा देवाला तास दिलात रोज. मला का नाही?"

मी घाबरले. धडधाकट माणसालाही ज्याचं उत्तर देता येणार नाही असा तो प्रश्न. विषय बदलावा म्हणून मी तोंड उघडलं, आणि काकूंनी माझ्याकडे न बघता हात वर करून मला गप्प केलं.

काका बघत राहिले. ओठ हलले, थांबले. डावा हात गुडघ्यावर होता, पण चापट मारली नाही. कुकरची शिट्टी झाली. काकू उठल्या नाहीत. परत झाली. मराठी बाई शिट्टी ऐकून बसून राहते हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी पदर तोंडात धरला नव्हता, हात मांडीवर, शांत.

"देव..." काका म्हणाले. बराच वेळ काही नाही. "देव... पाठ."

पुढचं मला दिसत होतं, माझ्या जिभेवर आलं होतं, आणि सगळ्या गावाला थांबायला शिकवणारी मी तेव्हा स्वतःचे दात दाबून बसले होते.

काकांनी काकूंकडे बोट केलं. "तू..." श्वास घेतला. "तू... पाठ... नाही."

कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता. मी आठवडेच्या आठवडे जे समजावत होते ते त्यांनी एवढ्यात सांगितलं होतं, आणि मी कधीच सांगू शकले नसते तेही. झटक्याच्या कितीतरी आधीपासून या माणसाला काकूंशी बोलायचं म्हणजे दर वेळी नवं काही जुळवावं लागत होतं, आणि ते त्याला तेव्हाही कठीण जात होतं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

काकू रडल्या नाहीत. त्यांनी स्टूल जरा पुढे ओढलं. मग म्हणाल्या,

"सावकाश बोला. मला कुठे जायचंय."

आणि उठून त्यांनी गॅस बंद केला. डाळ खाली लागली होती. आम्ही तिघांनी तीच खाल्ली.